वरच्या मजल्यावरचा समोवार

टीव्हीशेजारून बोलतोय तो मी, समोवार. आवाज जरा खरखरीत वाटेल, कारण दीड वर्षात माझ्या पोटात पाण्याचा थेंब गेलेला नाही. ज्यांनी मला पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पितळेचं पोट, पुढे तोटी, डोक्यावर चहाची किटली ठेवायला बैठक. पाणी मी उकळायचं, चहा किटलीनं मुरवायचा आणि गप्पा माणसांनी मारायच्या, अशी आमची कामाची वाटणी. सध्या मुक्काम जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये, कादंबरीताईंच्या घरी. डोक्यावर किटली नाही, प्लास्टिकची फुलं आहेत.

जन्म इराणातल्या बोरुजेर्दचा. तिथल्या कारागिरानं ठोकून ठोकून मला आकार दिला. पुढे माझी आधीची मालकीण माहरुख, तिच्या आईच्या लग्नात मी, तुमच्या भाषेत सांगायचं तर, रुखवतात मिरवलो. माहरुख जर्मनीत आली तेव्हा स्वेटरांत गुंडाळून मला घेऊन आली. तिकडे मी पोटातल्या निखाऱ्यांवर चालायचो, इथे निखारे कुठले? म्हातारपणी पेसमेकर बसवतात तशी पोटात विजेची कॉइल बसवून घेतली.

माहरुख एकटी. नवरा वारला, मुलगा कॅनडात. औषधांच्या दुकानातल्या नोकरीवरून ती घरी आली की आधी मला सुरू करायची, मग कोट काढायची. मी गुणगुणायला लागलो की फारसीत तक्रारी सांगायची. गिऱ्हाइकं, गुडघा, मुलाचा न आलेला फोन. मला उत्तर देता येत नसे, पण मी गप्पही बसत नसे. त्या घरात दुसरा आवाज माझाच होता.

मग खालच्या मजल्यावर कादंबरीताई राहायला आल्या. पुण्याच्या. नवरा मयुरेश गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. माहरुखनं त्यांना चहाला बोलावलं. मला पाहून ताई मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाल्या, "किती सुंदर आहे हा!"

"मग तुम्हीच घेऊन जा," माहरुख म्हणाली.

आमच्याकडे याला तारोफ म्हणतात. पाहुण्यानं कौतुक केलं की यजमानानं ती वस्तू देऊ करायची आणि पाहुण्यानं ती घ्यायची नाही, कितीही वेळा देऊ केली तरी. ताई दोनदा नको म्हणाल्या. मी निवांत होतो. पण ताई वाढल्या पंगतीतल्या आग्रहात. तिसऱ्या आग्रहालाही ताट पुढे केलं नाही तर वाढणाऱ्याचा अपमान होतो, हे त्यांच्या अंगातच मुरलेलं. माहरुखनं तिसऱ्यांदा म्हटलं आणि ताईंनी दोन्ही हात पुढे केले.

माहरुखनं स्वतः माझी वायर काढली, मला टॉवेलात गुंडाळलं आणि हसत दारापर्यंत आली. हसणंही तारोफातच बसतं.

ताई वाईट नाहीत. चिंच लावून मला घासतात, लखलखीत ठेवतात. चहा मात्र पातेल्यात, आलं ठेचून. वासाला मी नावं ठेवणार नाही. शिवाय ताई विनोदी गोष्टी लिहितात. त्यांनी एका इराणी शेजारणीची गोष्ट लिहायला घेतली. ही बाई कुणी कौतुक केलं की गालिचा देते, झुंबर देते, नवराही देऊन टाकते आणि शेवटी समोवार. लिहिलेलं त्या मयुरेशला वाचून दाखवत. तो लॅपटॉपमधून मान न काढता जर्मनमध्येच "या, या, गेनाऊ", म्हणजे "हो, हो, अगदी" म्हणायचा. मला हसू यायचं, खोटं कशाला बोलू? पण गोष्टीतल्या बाईच्या घरी सतत पाहुणे असत. वरून मला फक्त माहरुखच्या सपाता ऐकू यायच्या, स्वयंपाकघरातून खिडकीकडे आणि परत.

या उन्हाळ्यात ताईंनी तिला बोलावून गोष्ट जर्मनमध्ये सांगितली. गालिच्याला ती हसली. नवऱ्याला तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग गोष्टीत समोवार आला. ती उठली, माझ्या डोक्यावरची फुलं बाजूला केली आणि आत डोकावली.

"कोरडा आहे," ती हळूच म्हणाली.

ताईंची मुलगी अन्वी तिथेच बसली होती. तिला मराठी कळतं, पण बोलते जर्मन. ती म्हणाली, "आई, ते घ्यायचं नसतं. माझ्या वर्गातली इराणी मुलगी रोज तिचा डबा देऊ करते. आपण नाही म्हणायचं."

ताईंचा चेहरा उतरला. "आल्झो... म्हणजे... माहरुख, घेऊन जा ना हा. प्लीज."

"छे छे, तुमच्याकडेच शोभतो."

"खरंच घेऊन जा."

"नाही हो. तुमचाच आहे."

तिसऱ्यांदाही तेच. माहरुखचा हात माझ्या तोटीवर होता आणि तोंडानं ती नाही म्हणत होती. ताईंना वाटलं, तीनदा नाही म्हणजे नाहीच. मग तो हात निघाला आणि थोड्या वेळानं वर सपाता वाजल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंनी गोष्टीचा शेवट बदलला. आता पाहुणी समोवार परत नेऊन देते आणि दोघी चहा पीत बसतात. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात गोष्ट आली, लोकांना शेवट फार आवडला, कौतुकाचे फोन आले. गोष्टीतला समोवार घरी पोचला. मी इथेच आहे, आणि मला फार एकटं वाटतं. तिलाही वाटत असणार.

ताई, तुम्ही लिहिता छान. पण आता एकदाच उद्धटपणा करा. मला उचला, एक जिना चढा, माहरुखच्या दारात ठेवा, बेल वाजवा आणि दार उघडायच्या आत पळून या. तिला 'नको' म्हणायला वेळच देऊ नका.