झिजलेला सांधा

दुकानात येणारा जो तो म्हाताऱ्याकडे चांगला माल मागायचा. ही बाई आली ती म्हणाली, "काका, तुमच्याकडे असेल नसेल त्यातला सगळ्यात वाईट सांधा द्या." म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे बघत राहिला. रिमोटच्या गाड्यांचे सुटे भाग विकण्यात त्याची उभी हयात गेली होती, पण असलं गिऱ्हाईक त्याच्या पायरीला कधी लागलं नव्हतं.

त्यात ही काही नवखी नव्हती. दिवसभर दातांच्या प्रयोगशाळेत लोकांच्या कवळ्या घासणारी, बारीक कामात बोटं मुरलेली बाई. गाड्या पळवणाऱ्यांच्या क्लबात तिला सगळे कवळीवाली म्हणत आणि तीही हसून ओ द्यायची. नवरा पॅनकार पळवायचा, ती बांधायची. पॅनकार म्हणजे काय, तर दीड वितीची चपटी गाडी. कार्बनची एक पातळ पाटी, तिच्यावरच मोटर, बॅटरी, सगळा संसार, आणि खाली स्पंजची चाकं. हॉलमधल्या गालिच्यावर ती अशी सुटते की आपण मान वळवेपर्यंत पलीकडच्या भिंतीशी पोचलेली असते. असल्या गाडीला ढिलेपणा म्हणजे विष. रिमोटवरचा अंगठा केसभर हलला तर चाकही केसभर वळायला हवं. चाक वळवणाऱ्या छोट्या मोटरला सर्व्हो म्हणतात. तिथून चाकापर्यंत एक बारीक दांडी जाते आणि तिच्या टोकाला प्लॅस्टिकची वाटी असते, ती धातूच्या गोळीवर घट्ट बसते. हा तो सांधा. तो जरा सैल वाटला तरी लोक काढून फेकतात.

आणि ही बया झिजलेला मागत होती.

म्हाताऱ्याने डबा उपसला. एक वाटी निघाली ती गोळीवर ठेवली की लटपटायची. तिने हलवून बघितली आणि म्हणाली, हीच. वर आपला चपळ, झोकदार सर्व्हो त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाली, याच्या बदल्यात एखादा मंद द्या. जुन्या खेळण्यातल्या होडीचा एक पडला होता. म्हातारा म्हणाला, "पोरी, याला वळ म्हटलं तर हा आधी विचार करतो, मग वळतो." तिने तोही पिशवीत टाकला. का ते सांगितलं नाही, आणि म्हाताऱ्यानेही खोदून विचारलं नाही. शहाणा माणूस.

कारण घरी होतं. नवरा बांधकामावरच्या उंच क्रेनचा चालक. वीस वर्षं आभाळात बसून पोलादाच्या तुळया त्याने अशा खाली ठेवल्या की खालच्याच्या टोपीला धक्का लागू नये. मग एक दिवस उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आजाराचं नाव सांगितलं, तो जात नाही हेही सांगितलं. कंपनीने रजेवर बसवलं. त्याने तेही सोसलं. पण एका रविवारी ट्रॅकवर गाडी दारूड्यासारखी डोलायला लागली, तीनदा कडेच्या फळीवर आदळली, आणि घरी येऊन त्याने रिमोट कचऱ्याच्या डब्यात टाकला. त्यानंतर तो जेवायला उठेना. उठला की खिडकीशी उभा राहून खाली बघत राहायचा. पाचवा मजला. उंचीची सवय असलेला माणूस तो, त्याला त्यात काही वाटत नव्हतं. ही मात्र कामावरून निम्म्या दिवसात धापा टाकत घरी यायची, काहीतरी विसरलं म्हणून.

म्हणून तिने हा उद्योग केला. जेवणाच्या सुट्टीत, प्लॅस्टरच्या जबड्यांच्या रांगेत बसून तिने गाडीत तो मंद सर्व्हो बसवला, झिजलेली वाटी लावली, पुढच्या चाकांच्या खुंट्यांना जाड ग्रीस चोपडलं. आता अंगठ्याची थरथर त्या ढिल्या सांध्यात जिरायची, चाकापर्यंत पोचायचीच नाही. कचऱ्यातला रिमोट तिने पुसून ठेवलेलाच होता. नवऱ्याला म्हणाली, पुढची स्प्रिंग बदललीय, एकदा बघा तरी.

त्याने बघितलं. गाडी सरळ गेली. वळणावर थोडी उशिरा वळली, पण सरळ गेली. त्याने दहा फेऱ्या मारल्या, मग आणखी दहा, आणि गाडी पळवणारे उभे राहतात त्या उंच स्टँडवरून खाली आला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता की तिने तोंड फिरवून डोळे पुसले. त्या आठवड्यात त्याने दाढी केली. पुढच्या आठवड्यात शीळ घातली. चार महिने घर कसं घरासारखं झालं. चहाचा कप अजून बशीत वाजायचा, पण त्यावर त्याने उत्तर शोधून काढलं होतं: हात रिकामा असला की थरथरतो, कामाला लागला की थांबतो. गाडीच बघा ना.

यात कुठे पाणी मुरतंय हे तिला कळायला हवं होतं. नाही कळलं. माणूस सुखात असला की डोकं गहाण टाकतो.

गुरुवारी तिचा धाकटा भाऊ जेवायला आला तो नाचतच आला. तो त्याच बांधकामावर, क्रेनच्या आकड्याला माल बांधायच्या कामावर. म्हणजे माल वर आणि हा बरोबर त्याच्या खाली. त्याने बातमी आणली की क्रेनचा बदली चालक काम सोडून गेला आणि फोरमन हवालदिल झालाय. फोरमनही क्लबातलाच, नवऱ्याचा जुना दोस्त. त्याने निरोप धाडला होता: रविवारच्या शर्यतीत गाडी पळवताना तुला बघतो. हात स्थिर दिसला तर सोमवारी सकाळी सातला वर चढ, कागदांचं मी निस्तरतो.

"भाऊजींइतका अलगद माल कुणी ठेवत नाही, ताई," भाऊ म्हणाला. "आता मी निर्धास्त खाली उभा राहीन."

तिच्या हातातला घास हातातच राहिला. नवरा मान खाली घालून हसत होता, लग्न ठरलेल्या पोरासारखा. तिने एवढंच विचारलं की डॉक्टरांना एकदा दाखवायचं का. तो म्हणाला, डॉक्टरने माझी गाडी बघितलीय का?

शुक्रवारी तिने दोनदा तोंड उघडलं. सकाळी तो कामावरचे बूट पॉलिश करत होता, डाव्या हाताने बूट धरून, उजव्याने ब्रश मारत. ब्रश आपोआपच हलत होता, त्याला कष्ट पडत नव्हते. ते बघून ती चहा टाकायला आत गेली. संध्याकाळी परत धीर केला. तिने "अहो, गाडीचं एक सांगायचंय" एवढं म्हटलं आणि त्याने तिचा हात धरला. म्हणाला, तू ती गाडी परत हातात दिली नसतीस तर मी त्या खिडकीतून... आणि पुढचं बोललाच नाही. आता सांगा, यावर कुठल्या तोंडाने सांगायचं?

तेव्हा तिने भित्र्या माणसाचा मार्ग धरला. आपण सांगायचं नाही, गाडीला सांगू द्यायचं. गाडी पुन्हा पहिल्यासारखी घट्ट, चपळ करायची. शर्यतीत ती डोलेल, फोरमन बघेल, सोमवार टळेल. नवऱ्याची चारचौघांत शोभा होईल हे तिला दिसत होतं. पण डोळे मिटले की तिला आकड्याला लोंबणारी तुळई दिसायची आणि खाली भावाची पिवळी टोपी.

शनिवारी ती दुकान उघडायच्या आधीच पायरीवर उभी. आता तिला सगळ्यात घट्ट वाटी हवी होती आणि आपला तो सर्व्हो परत हवा होता. म्हाताऱ्याने कपाळाला हात लावला. वाट्या होत्या, सर्व्हो केव्हाच विकला गेला होता. तसला चपळ दुसरा मागवायचा तर तीन आठवडे. तिने गल्ल्याची कड धरली. बाजारात असलं दुसरं दुकान नव्हतं, क्लबातल्या कुणाकडे मागावा तर नवऱ्याच्या कानावर जाणार. ती त्याच्या हातापाया पडायला लागली. म्हातारा वैतागला.

"कुणाचा जीव जातोय का, पोरी?"

"हो," ती म्हणाली.

त्याने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग स्टूल घेतलं, काचेत मांडलेली स्वतःची गाडी खाली काढली, जिला तो कुणाला हात लावू देत नसे, आणि तिच्यातल्या सर्व्होचे स्क्रू काढायला बसला.

रविवारी हॉलमध्ये नवरा नाव नोंदवायच्या रांगेत उभा असताना तिने टेबलावर काम उरकलं. खुंट्यांवरचं ग्रीस पुसून काढलं. जुनी वाटी आणि मंद सर्व्हो एप्रनच्या खिशात टाकले. काम चोख झालं. तिला वाईट काम येतच नव्हतं.

फोरमन शर्यतीलाच येणार होता. त्याआधी सरावाची पाच मिनिटं. पहिल्याच सरळ पट्ट्यात गाडी थरथरली, अंगात कापरं भरल्यासारखी. वळणावर फळीवर आदळली. लोकांनी उचलून ठेवली, पुन्हा आदळली. नवरा खाली उतरला आणि टेबलाशी आला. तो घाबरलेला नव्हता. तिच्यावर त्याचा एवढा भरवसा होता.

"काहीतरी ढिलं झालंय बघ," तो म्हणाला. "फोरमन यायच्या आत आवळ."

आता गाडीने सांगून झालं होतं आणि त्याला ऐकू आलं नव्हतं. तिने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"अहो, काही ढिलं नाही. चार महिने ढिलं होतं. आज घट्ट आहे."

त्याला कळेना. मग तिने खिशातून ती वाटी काढली, गोळीवर ठेवली आणि हलवून दाखवली. वाटी लटपटली. तो आयुष्यभर यंत्रं हाकलेला माणूस, त्याला समजवावं लागलं नाही. त्याने वाटी घ्यायला हात पुढे केला, आणि वाटी त्याच्या चिमटीत नुसती नाचायला लागली. दोघांनीही ते बघितलं.

"चार महिने तू मला बनवत होतीस."

तो खुर्चीवर बसला. शेजारच्या टेबलावर कुणी टायर घासत होतं, त्याची काळी धूळ त्याच्या बुटांवर पडत होती, त्या पॉलिश केलेल्या. मोठ्या भोंग्यावर पुकारा झाला की त्यांची शर्यत वीस मिनिटांत. दारातून फोरमन आत आला, लांबूनच त्याने हात केला.

"ते परत लाव," नवरा म्हणाला.

तिने गाडी आपल्याकडे ओढली.

"लाव म्हणतो ना."

तेव्हा तिचा बांध फुटला. दबक्या आवाजात ती म्हणाली, तुम्ही वर चढाल, माझा भाऊ खाली असेल, मी कुणाकुणाला गमावू? तो तिच्याकडे बघत नव्हता. म्हणाला, "मला एकदा पळवायचीय. एवढंच. लाव." यात वचन कुठलंच नव्हतं. रागावलेला माणूस, वीस वर्षांचं काम हातातून गेलेला माणूस, त्याच्या मनात काय आहे कुणाला ठाऊक? ती नाही म्हणू शकत होती. गाडी उचलून घरी चालू लागली असती तरी कुणी अडवलं नसतं.

तिने चपळ सर्व्हो सोडवला. का, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. चार महिने तिने त्याच्या वतीने ठरवलं होतं, आता तिची ठरवायची ताकद संपली होती. तिने मंद सर्व्हो आणि झिजलेली वाटी बसवली, ग्रीस लावलं आणि गाडी त्याच्या हातात दिली.

शर्यत आठ मिनिटांची. ती आठ मिनिटं तिने कशी काढली ते तिलाच माहीत. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. तो वळणाच्या आधीच वळायला लागायचा, सर्व्होला विचार करायला वेळ देऊन. चार महिन्यांत त्याने ते नकळत शिकून घेतलं होतं. त्याचा दुसरा नंबर आला. लोक टाळ्या वाजवत होते आणि ती टेबलाला धरून उभी होती, कारण फोरमन हसत हसत स्टँडच्या पायऱ्यांकडे निघाला होता.

नवरा उतरला. गाडी त्याने आधी तिच्याकडे आणून दिली, मग वळला. फोरमनने हात पुढे केला. नवऱ्याने आपला उजवा हात त्याच्या हातात दिला आणि तिथेच राहू दिला.

फोरमन बोलत होता, सोमवारी सात वाजता, तुझी केबिन झाडून ठेवलीय. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. त्याने खाली बघितलं. दोघांचे हात मिळून हलत होते. त्याने सोडवायला बघितलं, तर नवऱ्याने उलट घट्ट धरला.

"गाडी हिने सरळ ठेवलीय," नवरा म्हणाला. "हात असा आहे. मला वर चढू देऊ नकोस."

फोरमनने दुसरा हात वर ठेवला आणि दोन्ही हातांनी तो एक हात दाबून धरला, तरी तो थांबेना.

तीन दिवस ती यासाठीच मरत होती. आणि आता तिला वाटलं, धावत जावं, ते हात सोडवावेत, फोरमनला सांगावं की खोटं आहे, दमलेत ते, उद्या बरे होतील. गाडीची मोटर अजून कढत होती. तो येईपर्यंत ती गाडी छातीशी धरून तिथेच उभी राहिली.