शेजारणीची निळी गादी

फुकट म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या कुत्र्याच्या पायाचं ऑपरेशन फुकट करून देणाऱ्या संस्थेची बाई म्हणे घर बघायला येणार. घर कशाला बघायचं? गरिबी दिसली की कुत्रा उचलून न्यायचा, दुसरं काय! मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही. शेजारणीच्या कुत्र्याची मऊ निळी गादी मागून आणली आणि शिलाई मशीनशेजारी अंथरली.

बाई आली. गोड बोलत कोपरान् कोपरा न्याहाळू लागली.

"खर्च झेपतो का, मावशी?"

"न झेपायला काय झालं? राजासारखा ठेवलाय!"

"मग ऑपरेशनही तुम्हाला झेपेल," म्हणत फाइल मिटून ती उठली.

तेवढ्यात कुत्रा लंगडत आला, गादी हुंगून गुरगुरला आणि मशीनखालच्या चिंध्यांवर जाऊन पसरला.

बाई पुन्हा बसली. "मावशी, ही गादी या गल्लीत मला तिसऱ्या घरात दिसतेय. अहो, कुत्रा तुमच्याकडेच राहावा म्हणून तर मी येते. आता खरं लिहू?"

मी गादीची घडी घातली.

"लिहा," म्हटलं, "पण आधी ओळखपत्र दाखवा."