घरगडी सूर्य

सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची. मागच्या खोलीत तिचं अंडी उबवायचं यंत्र होतं आणि छपरावर धाकट्या दिरानं हौसेनं बसवलेली सोलर पॅनेलं. "आता सूर्य तुमचा घरगडी, वहिनी," तो कॉलर ताठ करून म्हणाला होता. बॅटरीचं विचारलं तर हसला. "कशाला? लाईन असतेच की!" त्या भरवशावर वहिनीनं रॉकेलवर चालणारी अंडी उबवायची जुनी पेटी भंगारात देऊन टाकली.

मग सूर्यावर वादळ झालं. त्याच्या धक्क्यानं लांबलांबच्या तारांवरची वीज कोलमडली, असं रेडिओवाला सांगत होता. यंत्र बंद पडलं तेव्हा पिल्लं कवच फोडायच्या बेतात होती. अंडं कानाला लावलं की आतून बारीक चिवचिव यायची. त्या आवाजाचं वहिनीला वेड होतं.

दीर धावत आला. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

"भावोजी, वादळानं पॅनेलं जळली का हो?"

"छे, ठणठणीत आहेत. पण लाईन गेली की पॅनेलांची वीज घरात आणणारा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाईल आणि दुरुस्तीला खांबावर चढलेला माणूस मरेल."

"म्हणजे ऊन आहे, पॅनेलं आहेत, आणि वीज नाही?"

"नाही, वहिनी."

हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुमचं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण भांडायलाही सवड नव्हती. तिनं घरातली सगळी पातेली गॅसवर चढवली. दीर गरम पाण्याच्या बाटल्या भरभरून आणत राहिला. रजया झाल्या, शाली झाल्या, शेवटी रात्रीच्या गारठ्यात तिनं अंगावरचा स्वेटरही काढून अंड्यांवर घातला. एका टोकाला ऊब धरेपर्यंत दुसरं टोक गार पडायचं. संध्याकाळी चिवचिव होती. सकाळी एकदोन अंड्यांतच उरली. मग गॅसही संपला, आणि वहिनीनं कान लावायचंच सोडलं. तिच्यानं ऐकवेना.

तिसऱ्या दिवशी वीज आली. यंत्राचा पंखा घरघरला. दीर छपरावरून उतरला, चेहरा जरा खुललेला.

"हिरवा दिवा लागला, वहिनी! पॅनेलांवर ओरखडासुद्धा नाही."

वहिनीनं एक अंडं उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं.

"ऐका, भावोजी."

त्यानं ते कानाला लावलं. आतून चिवचिव आली नाही. मग फुटेल की काय अशा बेतानं ते जागेवर ठेवलं आणि ऊब जाऊ नये म्हणून यंत्राचं दार लावून घेतलं.