दर्शनाचा काढा

त्या गुरुवारी बेंबळीच्या माळावर मुंगी शिरायला जागा नव्हती. पत्र्याच्या शेडात कल्याणप्पा महाराज काढा वाढत होते.

"रानातली मुळी हाय, केमिकल न्हाय! दमा पळंल, आन् पुण्यवंताला गेलेलं माणूस दिसंल!"

मी शाळेत विज्ञान शिकवते. दम्यानं गांजलेल्या माझ्या सासूबाईंना, सारजाआत्यांना, मी दोनदा बजावलं होतं. तरी त्या शेजारणीसोबत गेल्या. मी धावत पोचले तोवर पेला रिकामा झाला होता.

थोड्या वेळात छातीतली घरघर खरंच थांबली. मग त्या कोपऱ्याकडं बघत उठल्या.

"अवो मालक, कवा आलाव?"

माझे सासरे बलभीम जाऊन तीन वर्षं झाली होती. कोपऱ्यात नुसतं पोतं होतं. बाया रडू लागल्या.

"पावली मुळी!" महाराज गरजले.

"आत्या, मी गायत्री!" मी हात धरला. तो कोरडा, तव्यासारखा तापलेला. त्या मला ओळखेनात, हवेतलं काहीतरी वेचत राहिल्या. मी त्यांचा चेहरा उजेडाकडं वळवला. भर उन्हात डोळ्यातली बाहुली बारीक व्हायला हवी. त्यांची डोळाभर पसरली होती.

"महाराज, यात काय घातलंय?"

"नाव घेतलं की गुण जातो, बाई."

"मग एक पेला तुम्ही प्या."

"आज माझा उपास हाय."

पातेल्यातला गाळ मी डब्यात घेतला. जीपमध्ये त्या किंचाळत दार उघडू बघत होत्या. धाराशिवचा दवाखाना येईपर्यंत मी त्यांना मिठीत आवळून धरलं. त्यांचं काळीज इतकं धडधडत होतं की आता थांबेल, असं वाटत होतं.

डॉक्टरांनी डोळे पाहिले, गाळातल्या मिरचीच्या बियांसारख्या चपट्या बिया पाहिल्या.

"धोतरा," ते म्हणाले. "यानं श्वासनळ्या सैल होतात, म्हणून दम मोकळा झाला. तोच मेंदूवर चढला की नसलेलं दिसतं. अजून एक पेला घेतला असता, तर..."

तपासणीतही धोतराच निघाला.

दोन दिवसांनी आत्या भानावर आल्या. पुढच्या गुरुवारी त्याच मला ओढत माळावर घेऊन गेल्या. मी लोकांना बिया दाखवल्या, काढ्याची करामत सांगितली.

"खोटं! हिला देवाचं वावडं हाय!" महाराज ओरडले.

तेव्हा आत्या पुढं झाल्या. "म्या पिले व्हते. मेलेला नवरा दिसला, पर हात धरून रडणारी सून दिसली न्हाय. असलं दर्शन मला नगं."

पुढं उभ्या असलेल्या शिवकन्या नावाच्या बाईनं लेकीच्या ओठाला लावलेला पेला मातीत ओतला. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं.

झाडपाल्यात औषध असतं, तसं विषही असतं. एकाच झाडाच्या दोन बोंडांतही ते सारखं नसतं. म्हणून पेला तोंडाला लावण्याआधी विचारा: वनस्पती कोणती, किती घातली, कुणी तपासली? उत्तर मिळालं नाही, तर उठून घरी या.