मंदाबाईची हाक

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्डर आहे. जन्मलो कुठल्याशा कारखान्यात, पण आयुष्य गेलं ते भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या भोजराज यांच्या हातात.

भोजराज भीतिपटांचे निर्माते. त्यांच्या सिनेमात भूत कधी दिसत नसे, नुसतं ऐकू येई. त्यासाठी ते मला घेऊन रानोमाळ हिंडत. बंद राईस मिलमध्ये घुमणारा वारा, बांबूच्या बनातली करकर, असं किती काय मी साठवलं. माझं कौतुकही फार होई.

एका सकाळी आम्ही कारध्याला वैनगंगेच्या पाण्याचा आवाज टिपत होतो. तेवढ्यात लोकांनी गावातल्या धनराजला नदीतून बाहेर काढलं. मासे धरायला गेला होता, डोंगा उलटून बुडून मेला होता. त्याची बायको मंदाबाई धावत आली आणि तिने टाहो फोडला. मला वाटलं, मालक आता मला बंद करतील. त्यांचं बोट बटणावर होतंही. पण त्यांनी ते दाबलं नाही.

तोच टाहो पुढे सिनेमात भुताचा आवाज झाला. लोक खुर्चीत अंग चोरून बसत. मला नवी मखमली पेटी मिळाली. पण त्या पेटीत माझ्यातले सगळे आवाज निजत, तो एक निजत नसे.

मग एके दुपारी मंदाबाईची मुलगी रिंकू भोजराजांच्या दारात उभी राहिली.

"तुमच्या पिच्चरमधली भुतीण माही माय हाये. गावचे पोट्टे तिच्या मांगं तसाच आवाज काढून पळतेत. माय आता घराबाहेर निघत नाही."

भोजराज मला घेऊन कारध्याला गेले. मंदाबाईसमोर हात जोडले, म्हणाले, "आत्ता पुसून टाकतो."

"आंदी मले आयकवा."

मी ऐकवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मध्येच तिने डोळे उघडले.

"'रिंकूचे बाबा, उठा नं' म्हनलं होतं मी. सिनेमात थे नाही म्हनते पोरगी. थे काहून कापलं?"

भोजराज खाली बघत म्हणाले, "त्यानं भीती कमी होत होती, बाई."

तिने मला हातात घेतलं. मग म्हणाली, "पुसू नोका. पर लोकायले आयकवू नोका."

भोजराजांनी सिनेमातून तो आवाज काढला. मोबाइलमधून गावोगाव गेलेले तुकडे मात्र त्यांना परत बोलावता आले नाहीत. मला त्यांनी मंदाबाईच्या हवाली केलं. आता मी तिच्या घरातल्या फळीवर असतो. सेल काढून ठेवलेत, तरी आत काहीतरी जागंच आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे कान आज तुमच्या प्रत्येकाच्या हातात आहेत. कुणी रडत असलं, तर ते आधी खाली ठेवा आणि त्या माणसाजवळ जाऊन बसा. त्या सकाळी मंदाबाईपासून आम्ही दहाच पावलांवर उभे होतो.