हाताखाली

साइट इंजिनियर वाकचौरे साहेबांनी बॅटरीचा उजेड पाइपात सोडला आणि एक डोळा मिटून आत पाहिलं. सांधा आतून बांगडीसारखा गुळगुळीत होता. दूध अडकून नासायला कुठं जागाच नव्हती. त्यांनी पाइप डेअरीच्या मालकांपुढं धरला.

"बघा. मिस्त्रींचा हात आहे हा."

मालकांनी पाहिलं, मान डोलावली. संगमनेरजवळच्या या नव्या डेअरीत टाक्यांपासून मशिनपर्यंतची सगळी स्टेनलेसची लाइन सूर्यभान मिस्त्रीकडं होती.

"आणि या बाई?" मालकांनी विचारलं.

भारती जरा मागं उभी राहून फडक्यानं पुढचा पाइप पुसत होती.

"मालकीन हाय आमची," सूर्यभान म्हणाला. "हाताखाली असती."

शब्द तोंडातून गेले आणि त्याचे कान तापले. भारतीचं फडकं जरासं थांबलं, मग पुन्हा फिरू लागलं.

उजव्या हाताला कंप सुटल्यापासून त्याला नीट सांधा मारता आलेला नव्हता. वेल्डिंगचा टॉर्च हलायचा, पातळ पाइपाला भोक पडायचं. तेव्हा वर्कशॉपचं शटर ओढून घेऊन त्यानं भारतीला वेल्डिंग शिकवलं आणि बघता बघता ती त्याच्या पुढं गेली. साइटवर आडोशाला पत्रा लावायचा. तोंडावर हेल्मेट आलं की आत कोण आहे ते कुणाला कळणार? सूर्यभान पाइप धरायचा आणि काम झालं की बाहेर येऊन शाबासकी घ्यायचा. ती कधी काही बोलली नव्हती. पण तिच्या तोंडावर असं त्यानंही कधी म्हटलं नव्हतं.

मालक गेले. भारती पत्र्यामागं जाऊन बसली.

"धरा की," ती म्हणाली.

त्यानं पाइप धरला. तो सांधा होईपर्यंत त्याला मान वर करवली नाही. मग "आलोच" म्हणून तो तडक बॉयलरकडं निघाला. साहेब तिथं एकटेच होते.

"साहेब, ते जॉइंट माजे न्हाईत," तो म्हणाला. "माजा हात गेलाय. समदं ती करती."

साहेबांनी आवाज खाली आणला.

"ठाऊक आहे, मिस्त्री. काम द्यायच्या आधीच वहिनी सांगून गेल्या. म्हणाल्या, दुधाचं काम आहे, तुम्हाला अंधारात ठेवणार नाही. पण ह्यांना कळू देऊ नका. चारचौघांत नाव त्यांचंच घ्या."

सूर्यभाननं उजवा हात खिशात कोंबला. तो तिथंही हलतच राहिला.

"मालकांना मी सांगू का?"

"न्हाई साहेब. त्ये मीच सांगीन."

तो परतला तेव्हा भारतीनं हेल्मेट वर केलं. कपाळावर पट्ट्याचा लाल वळ उठला होता.

"कुठं गेल्ता?"

"साहेबांकडं. जॉइंट तुजे हायेत म्हनून सांगितलं."

ती त्याच्याकडं बघत राहिली. टॉर्च तिनं अलगद मांडीवर ठेवला.

"मग? काय म्हनले?"

"काय म्हनत्यात," सूर्यभान म्हणाला. "त्यांना कुठं ठाऊक हुतं."

आणि पुढचा पाइप धरायला तो खाली वाकला.