वाटूरला बसलेली गाडी

धर्मराजने चप्पल काढली, लेकीच्या सासरच्या ओसरीवर चढला आणि कुणी राम राम घालायच्या आत मीटरच्या बोर्डाचं झाकण उघडून उभा राहिला. पाहुणचार नंतर, आधी करंट आहे तोवर गाडीला वायर लागली पाहिजे. टेस्टर, पेचकस, जाड पिनांचा प्लग, सगळं त्याच्या खिशातच होतं. बोर्डावर नवा पॉइंट काढून त्याने वायर अंगणातून ओढत नेली आणि कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या इवल्याशा निळ्या गाडीच्या कुशीत खुपसली. आत कुठंतरी पंखा घुर्र करून फिरायला लागला, तसं त्याचं तोंड फुललं.

"लागली," तो म्हणाला आणि मग सगळ्यांना हात जोडले.

जालन्यात धर्मराजचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळक्या मोटारी लोक पोत्यात घालून आणायचे आणि हा नव्या तारेने भरून परत द्यायचा. उभा जन्म मोटारींत गेल्यामुळे इंजिनाबद्दल त्याचं मत फार वाईट होतं. इंजिनाचे शंभर नखरे, मोटारीला बिचारीला फिरण्यापलीकडे काही ठाऊक नाही, असं तो ऐकणाऱ्याला आणि न ऐकणाऱ्यालाही सांगायचा. म्हणून पुण्याचे कुणी डॉक्टर बॅटरीवरची गाडी विकतायत असं कळल्यावर हा गेला आणि ती ट्रकवर घालून घेऊन आला. गल्लीत हसायचं कोण बाकी राहिलं? खेळणं आणलं म्हणाले. चौदा चौदा तास लाइट नसते त्या मुलखात लाइटवरची गाडी, म्हणजे वाळवंटात नाव, असंही एकजण म्हणाला. बायको, उषाबाई, हसली नाही. ती फक्त म्हणायची, वाटेत बसली म्हणजे काय कराल? धर्मराजचं उत्तर ठरलेलं होतं. बसणार नाही.

आणि खरंच बसली नव्हती. आज सकाळी जालन्याहून निघून वाटूरपर्यंत ती एका दमात आली होती. एवढंच की एका दमात परत जाण्याइतका दम तिच्यात नव्हता. पोट भरल्याशिवाय ती हलायची नाही, आणि पोट भरायला करंट लागायचा चांगला पाच-सहा तास. वाटूरच्या चौफुलीवर त्याचा एक जुना गिऱ्हाईक होता, त्याच्या वर्कशॉपात गाडी लावायचं ठरलं होतं. पण त्याचं दुकान बंद निघालं, आणि धर्मराजला गाडी घेऊन लेकीच्याच दारात यावं लागलं.

नंदा ही त्याची एकुलती एक लेक. तिला वाटूरला देऊन सहा वर्षं झाली होती. दर पंचमीला तो मुराळी होऊन यायचा, म्हणजे लेकीला माहेरी न्यायला. एसटीने यायचा, कडुनिंबाखाली खाटेवर टेकायचा, "गाडी निघून जाईल, जल्दी कर" म्हणायचा, आणि लेकीची पिशवी उचलून चालू लागायचा. या घरचं पाणी त्याने आजवर तोंडाला लावलं नव्हतं. लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा त्यांच्यातला रिवाज. धर्मराजच्या बापाने पाळला, त्याच्याही बापाने पाळला. धर्मराजने तो कधी तपासून पाहिला नव्हता. लेकीच्या सासरी आपला मान कसा राहतो, तर असा, एवढंच त्याला माहीत होतं. नंदाला अजून मूल नव्हतं आणि त्यामुळे नेम अजून चालू होता.

विहीणबाई सुगंधाबाई मोठ्या तोंडाळ बाई, पण मनाने साफ. वायर लागलेली बघून त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या,

"पाव्हणे, आमचं पाणी चालत न्हाई तुमाला. करंट बराबर चालतो."

"करंट सरकारचा हाय, विहीणबाई."

अंगणात जमलेली माणसं हसली. धर्मराजही हसला. मग त्याने सीट उचलून खालच्या बॅटऱ्या उघडल्या आणि डब्यातलं पाणी त्यात थोडं थोडं ओतायला घेतलं, तेव्हा सुगंधाबाईंनी परत टोला दिला, की गाडीसुद्धा आपलं पाणी घरूनच घेऊन आली म्हणायची. सुगंधाबाई हसत होत्या, पण आत जाताना त्यांनी दार जरा जोरातच लोटलं.

दुपारी बारा वाजता लाइट गेली. आता तीनशिवाय येणार नव्हती. व्याही तातेराव शेतातून आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टायरला पायाने ठोसून म्हणाले, की ठेवा ही इथंच, आणि चौफुलीवरून काळी-पिवळी जीप धरून लेकीला घेऊन जा. या गाडीचा काय भरवसा?

"मानसाचा एखादे टायमाला नसंल," धर्मराज म्हणाला. "मोटारीचा हाय. संध्याकाळच्या आत जालन्यात असतो बघा आमी."

तातेरावांनी मान हलवली आणि जेवायला आत गेले. जावई मच्छिंद्र खत आणायला परतूरला गेला होता. धर्मराज एकटाच खाटेवर बसून राहिला. उषाबाईने बांधून दिलेली भाकरी त्याने खाल्ली. बाटलीतलं पाणी संपलं. श्रावणातलं कोंदट ऊन, वारा नाही, पाऊस नाही. इतका वेळ या अंगणात तो कधी बसलाच नव्हता. बसला नव्हता म्हणून काही गोष्टी त्याने कधी पाहिल्याही नव्हत्या.

नंदाने सकाळी आणून ठेवलेला पाण्याचा तांब्या खाटेखाली तसाच होता. रीत म्हणून ती ठेवायची आणि रीत म्हणून तो हात लावून बाजूला सारायचा. आता पाणी कोमट झालं असेल म्हणून ती बदलायला आली. अंगणाला भिंत नव्हती, नुसती काट्यांची कुपाटी. पलीकडच्या वाटेने बाया हंडे घेऊन हातपंपावर चालल्या होत्या. नंदाने तांब्या उचलला, वाटेकडे पाठ केली, पदर पुढे ओढून तांब्या त्याखाली घेतला आणि अंग चोरून घरात गेली. धर्मराजला वाटलं, धूळ पडू नये म्हणून झाकला असेल. थोड्या वेळाने ती ताजं पाणी घेऊन आली, तेव्हा तांब्या उघडाच होता.

शेजारच्या साखराबाई काठी टेकत गाडी बघायला आल्या. सत्तरी ओलांडलेली म्हातारी, कानाने कमी, त्यामुळे बोलणं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. गाडी बघून झाली, दार उघडून झालं, दार लावून झालं. मग त्या खाटेच्या कडेला टेकल्या आणि त्यांची नजर खाली गेली.

"न्हाई का पेत अजून?" त्या म्हणाल्या. "मंग अजून कायच न्हाई म्हना नंदाला."

धर्मराजने सरकून त्यांना जागा करून दिली.

"मी न्हाई बाबा कुनाला इचारत. कशापायी इचारावं? पंचमीला तुमी आले का मी तांब्या बघती. भरल्याला तांब्या आत गेला का समजतंय आमाला समद्या बायांला, यंदाबी न्हाई." म्हातारीने सुस्कारा टाकला. "लई गुनाची पोरगी हाय. वाईट वाटतं."

म्हातारीच्या मनात काही वाकडं नव्हतं. धर्मराजच्या हातावर हात ठेवून ती उठली आणि काठी टेकत निघून गेली. तो मात्र खाली बघत बसला. सहा वर्षं तो या अंगणात मान राखायला येत होता, आणि खरं बघता दर वर्षी स्वतःच्या लेकीच्या नावाने दवंडी पिटून जात होता. दवंडी पिटून झाली की एसटी पकडत होता. मागे ती पदराखाली काय झाकून नेते, हे बघायला तो थांबलाच नव्हता. धर्मराजला स्वतःची इतकी लाज वाटली, की ओसरीवर उभ्या असलेल्या नंदाकडे त्याला मान वर करून बघवेना.

त्याला वाटलं, आत्ता हा तांब्या उचलावा आणि गटागटा प्यावं. हात पुढेही गेला. पण तो मोटारी भरणारा माणूस, तार कुठं जोडली तर ठिणगी कुठं उडते हे बघायची सवय हाडात मुरलेली. आज उगाच पाणी प्यालं, तर संध्याकाळपर्यंत हातपंपावर बोभाटा होणार की नंदाकडे गोड बातमी आहे. मग नाही नाही म्हणत फिरायचं कुणी? नंदानेच. आणि कीव आली म्हणून बाप प्याला असं झालं, तर ते त्याहून वाईट. त्याने हात मागे घेतला.

तीनला लाइट आली. पंखा परत घुर्र करायला लागला.

पावणेसहाच्या सुमाराला त्याने वायर काढून गुंडाळली. दिवस अजून कासराभर वर होता. गाडी खरंच निघते की नाही हे बघायला चार-पाच माणसं तातेरावांसोबत कुपाटीशी उभी राहिली होती. नंदा नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन तयार होती. धर्मराज गाडीत बसला आणि त्याने किल्ली फिरवली. काटा उठला तो थेट शेवटच्या रेघेला जाऊन भिडला. बॅटरी इतकी तुडुंब तर जालन्यातसुद्धा कधी भरली नव्हती. या गाडीने त्याची बाजू जितकी राखली, तितकी सख्ख्या माणसांनीही राखली नव्हती.

त्याने किल्ली बंद करून सीटवर टाकली आणि खाली उतरला.

"न्हाई," तो म्हणाला. "काही खरं न्हाई हिचं."

माणसं हसायच्या बेतात होती, ती थांबली.

"बसली?" तातेरावांनी विचारलं.

"बसली. तुमी म्हनत होते ते बराबर हाय. गाडीचा भरवसा न्हाई. लेकीला घेऊन वाटंत कुठं अडकू? सकाळी बघतो."

मग हसण्याला काय तोटा? एकाने बैल जुंपायचा सल्ला दिला. दुसऱ्याने सांगितलं की त्याचा मेहुणा जालन्यालाच असतो, आजच फोन करून सांगतो. धर्मराजने सगळं ऐकून घेतलं, वर मानही डोलावली. नंदा पिशवी ठेवायला म्हणून गाडीत वाकली होती. बापाच्या दुकानात लहानाची मोठी झालेली पोरगी ती. तिने सीटवरची किल्ली लावून फिरवली, समोर बघितलं, आणि सावकाश मागे वळली.

"दादा, काटा तर—"

"काट्यावर जाऊ नको, माय," धर्मराज म्हणाला. "पिशवी आत ठेव घरात. मुक्काम हाय."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिने किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

सुगंधाबाई ओसरीवरून सगळं बघत होत्या. त्यांनी विचारलं, मुक्काम तर मुक्काम, पण जेवणाचं काय? हाटेलातून मागवायचं का पाहुण्यांसाठी? बोलणं नेहमीचंच होतं, पण आवाजात चेष्टा नव्हती. खालच्या ओठावर दात दाबून त्या उत्तराची वाट बघत होत्या.

"हाटेल कशापायी?" धर्मराज म्हणाला. तो चारचौघांत, सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "घर हाय ना. नेम काई मी न्हाई मोडत, विहीणबाई. गाडीनं मोडला. आन मोडलेला नेम काई मंग पुढच्या वर्षाला परत जोडता येत न्हाई."

एवढं बोलून तो खाटेवर बसला, तांब्या उचलला आणि पाणी प्याला. वाटेवरच्या बाया बघत होत्या, बघू दे. सगळा तांब्या त्याने रिकामा केला. तहानही तशी मोठीच लागली होती.

सुगंधाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. "नंदे, तवा ठेव," त्या म्हणाल्या आणि स्वतःच लगबगीने चुलीकडे गेल्या.

त्या संध्याकाळी धर्मराज तातेरावांच्या मांडीला मांडी लावून जेवला. नंदा वाढत होती. नको म्हटलं तरी वाढत होती, आणि तो नको म्हणणं सोडून देऊन खात होता. तातेराव मोठ्या खुशीत इंजिनाचे गुण सांगत होते. धर्मराज जन्मात पहिल्यांदा ते खोडून न काढता ऐकत होता.

हात धुऊन तो अंगणात आला, मोबाइलला रेंज यायची ती गाडीजवळच. त्याने घरी फोन लावला. उषाबाईने पहिल्याच घंटीला उचलला.

"बसली गाडी," तो म्हणाला. "सकाळी येतो."

उषाबाईला बोलायला रान मोकळंच मिळालं. मी म्हणत नव्हते का, इथपासून सुरू होऊन ती पुण्याच्या डॉक्टरपर्यंत जाऊन आली. धर्मराज हूं हूं करत राहिला. बोलता बोलता ती मध्येच थांबली.

"मंग जेवले कुठं?"

"नंदाकडं."

पलीकडून काहीच आवाज येईना. फोन कटला की काय म्हणून त्याने कानापासून काढून बघितला. चालू होता. त्याच नेमापायी नंदाच्या आईने सहा वर्षांत लेकीचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता. बापाला निदान खाटेवर टेकता तरी येत होतं.

"आवो," उषाबाई शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, "भाकरी कशी झाल्ती तिची?"